जुन्या संगणकावर नवे लिनक्स : आपल्या संगणक कक्षातील एक धडा

गेल्या वर्षी मे महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि आपल्या शाळेच्या संगणक कक्षाची परीक्षा सुरू झाली. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. कक्षात नऊ संगणक होते, परंतु प्रवेशाचे पान त्यांपैकी एकावरही धडपणे उघडेना. कुठे नुसतेच पांढरे पान दिसे, कुठे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येई, तर कुठे अर्ज उघडे, पण खालचे बटण दाबले तरी काही घडत नसे. शेवटी आमच्या विद्यार्थ्यांना एसटीने तालुक्याच्या गावी जाऊन नेट कॅफेत रांगा लावाव्या लागल्या. एका विद्यार्थिनीची पसंतीक्रम भरण्याची मुदत हुकता हुकता राहिली. त्या दिवशी एसटी अर्धा तास उशिरा आली होती, एवढेच निमित्त.

जूनमधील व्यवस्थापन समितीच्या सभेत हे संगणक भंगारात काढावेत असा प्रस्ताव आला. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे चुकले होते असे आम्ही म्हणणार नाही. संगणक पंधरा-सोळा वर्षांचे होते, देणगीदाखल आलेले होते आणि कक्षात धूळ खात पडले होते. भंगारवाल्याने किलोचा भावही सांगून ठेवला होता. कक्षाची जबाबदारी असलेल्या आम्ही तिघांनी (दोन शिक्षक व एक माजी विद्यार्थी) दिवाळीच्या सुटीपर्यंत मुदत मागितली. त्या सुटीत जे केले, जे साधले आणि जे बिघडले, ते येथे मांडत आहोत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी व पालकांपैकी अनेकांच्या घरी कपाटावर असा एखादा संगणक कापडात गुंडाळून ठेवलेला असेल. त्यांना हे वाचून तो खाली काढता यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

यंत्र जुने होते म्हणजे काय होते?

संगणक जुना झाला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा यंत्र झिजलेले नसते. त्याला वाऱ्यावर सोडलेले असते. विंडोज एक्सपीची सुरक्षा-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी निर्मात्याने घातलेल्या अटी अशा की, इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असलेला संगणक कितीही सुस्थितीत असला तरी अधिकृतपणे अपात्र ठरतो. कार्यप्रणाली थांबली की पाठोपाठ ब्राउझर थांबतो. ब्राउझर थांबला की नव्या पद्धतीने लिहिलेली संकेतस्थळे त्याला वाचता येत नाहीत. आमच्या मुलांना दिसलेले पांढरे पान ते हेच.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आमच्या नऊपैकी पाच संगणकांवर विंडोज नव्हतेच. त्यांवर लिनक्सच होते. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने २०१२ साली मोठ्या आस्थेने उबुंटूची १२.०४ ही आवृत्ती बसवून दिली होती. त्या आवृत्तीला पाच वर्षांचे पाठबळ होते, ते २०१७ च्या एप्रिलमध्ये संपले. त्यानंतर आठ वर्षे कोणी त्या यंत्रांकडे पाहिले नाही. लिनक्स बसविले की काम संपले, ही आमची समजूत होती. लिनक्सलाही मुदत असते आणि मुदत संपलेले लिनक्स मुदत संपलेल्या विंडोजइतकेच निरुपयोगी ठरते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

लिनक्स हा मुळात कार्यप्रणालीचा गाभा आहे. त्याला कर्नल म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहावयास घेतला. या गाभ्याभोवती उपयुक्त साधने, पडद्यावरची मांडणी, ब्राउझर व लेखनाचे कार्यक्रम यांची जुळणी करून जो तयार संच दिला जातो, त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन हे १९९३ पासून चालत आलेले असेच एक डिस्ट्रिब्यूशन. उबुंटू डेबियनवर आधारलेले आहे आणि भारत सरकारच्या सी-डॅकने तयार केलेले बॉस हेही डेबियनवरच आधारलेले आहे. केरळातील शासकीय शाळांत तर गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिक्षण चालते. तेव्हा आम्ही काही जगावेगळे करण्यास निघालो नव्हतो.

पुष्कळांचा प्रश्न असा की, जुन्या यंत्राला जुनीच आवृत्ती बरी नव्हे का? नवी आवृत्ती त्याला पेलणार कशी? हा प्रश्न आम्हालाही पडला होता आणि त्याचे उत्तर या लेखाचा मुख्य भाग आहे. भार गाभ्याचा नसतो. कर्नलमध्ये जुन्या उपकरणांचे चालक वर्षानुवर्षे सांभाळलेले असतात. इंटेलने १९८५ साली काढलेल्या ३८६ या प्रोसेसरचा आधार कर्नलमधून काढण्यात आला तो २०१२ च्या डिसेंबरात, म्हणजे सत्तावीस वर्षांनी! भार असतो तो पडद्यावरच्या मांडणीचा, आणि त्याहून कितीतरी अधिक ब्राउझरचा. म्हणून आवृत्ती नवी घ्यावी आणि मांडणी हलकी घ्यावी. जुनी आवृत्ती घेतल्याने यंत्र हलके होत नाही, ते केवळ असुरक्षित होते. हलक्या मांडण्यांत एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी या दोन आम्ही वापरून पाहिल्या. पहिली मुलांना अधिक सोपी वाटली, म्हणून तीच ठेवली.

आधी तपासणी

सुटीच्या पहिल्या दिवशी आम्ही एकही कार्यक्रम बसविला नाही. आठही मोठे संगणक अंगणात काढले, बाजूची झाकणे उघडली आणि मऊ ब्रशने धूळ काढली. एकात पालीची अंडी होती, एकात मुंग्यांचे वारूळ म्हणावे इतकी माती होती. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसल्या. हा उपाय बाजारातले दुरुस्ती करणारे सर्रास करतात आणि ‘पीं पीं’ करून बंद पडणारे दोन संगणक केवळ एवढ्यानेच सुरू झाले. हे करताना संगणकाची वीजजोडणी काढलेली असावी आणि आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते.

त्यानंतर प्रश्न उरतात ते तीन : प्रोसेसर ६४-बिटचा आहे काय, रॅम किती आहे, आणि डिस्क निरोगी आहे काय?

पहिल्या प्रश्नाने आम्हाला चकित केले. आमचे आठही संगणक ३२-बिटचे आहेत असे कक्षाच्या नोंदवहीत लिहिलेले होते, कारण त्यांवरची जुनी कार्यप्रणाली ३२-बिटची होती. प्रत्यक्षात आत पेंटियम ड्युअल-कोर प्रोसेसर होते आणि ते सारे ६४-बिटचे निघाले. इंटेलने २००६ नंतर विकलेले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर तसे आहेत. म्हणजे ही क्षमता यंत्रांत पहिल्या दिवसापासून होती, केवळ कोणी विचारले नव्हते. तपासण्याची रीत सोपी आहे. टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावी. उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत ६४-बिटचा उल्लेख आहे की नाही ते दिसते. याला महत्त्व अशासाठी की, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ने ३२-बिटच्या जुन्या संगणकांसाठी प्रस्थापनेची प्रत देणे बंद केले आहे. फायरफॉक्सनेही त्याच वर्षाच्या अखेरीस लिनक्सवरील आपल्या ३२-बिट आवृत्त्या थांबविल्या. यापुढे ३२-बिटचे यंत्र इंटरनेटसाठी विचारात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

आमचा नववा संगणक, ॲटम एन२७० प्रोसेसरचा छोटा नेटबुक, खरोखरच ३२-बिटचा निघाला. त्यावर डेबियन १२ बसविले, कारण ३२-बिटची प्रस्थापना देणारी ती डेबियनची शेवटची आवृत्ती होय. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. पाचवीची मुले त्यावर टंकलेखनाचा सराव करतात.

रॅमविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २ जीबीमध्ये काम चालते, पण ब्राउझरमध्ये दोन-तीन पाने उघडली की यंत्र अडखळते. ४ जीबी असल्यास अर्ज भरणे, वाचन, लेखन ही कामे निर्वेध होतात. आमच्या मदरबोर्डांची कमाल मर्यादाच ४ जीबी होती. एका संगणकाचा मदरबोर्ड पूर्ण निकामी निघाला, त्याची पट्टी दुसऱ्याला दिली. उरलेल्या पट्ट्या जुन्या बाजारातून घेतल्या. पट्टी घेताना डीडीआर२ की डीडीआर३ हे पाहूनच घ्यावे, कारण एकीची खाच दुसरीच्या जागी बसत नाही.

डिस्कचे मात्र नीट पाहावे. ‘स्मार्ट’ नावाची आरोग्य-नोंद प्रत्येक हार्ड डिस्क स्वतः ठेवीत असते. लिनक्समधील ‘डिस्क्स’ या कार्यक्रमात ती वाचता येते. निकामी होऊन बदललेल्या भागांची संख्या त्यात वाढत असलेली दिसली तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये. जुन्या यंत्राला एकच नवी वस्तू द्यावयाची झाली तर ती एसएसडी असावी, असे आम्ही अनुभवाने सांगतो. साटा जोडणीची साधी एसएसडी २००८-०९ च्या मदरबोर्डालाही चालते. आमच्या एका संगणकाला सुरू होण्यास पूर्वी अडीच मिनिटे लागत, आता चाळीस सेकंदांच्या आत तो तयार असतो.

आणि घड्याळ! हा शोध आमचा नव्हे, आठवीतील एका विद्यार्थिनीचा. सुरक्षिततेचा इशारा देणाऱ्या संगणकाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “सर, ह्याची तारीख बघा ना, २००९ आहे.” मदरबोर्डवर नाण्याएवढी, तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक २००९ सालात वावरत असेल, तर त्याच्या लेखी आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो ते नाकारतो. मे महिन्यात आम्ही ज्याला संकेतस्थळाचा दोष समजत होतो, तो निदान दोन संगणकांवर या स्वस्तातल्या बॅटरीचा दोष होता. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे.

प्रस्थापना

आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यातील सर्व मजकूर नष्ट होणार आहे, हे लक्षात ठेवावे. डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून उपयोग नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या कार्यक्रमाने ती ‘लिहावी’ लागते, तरच संगणक तिच्यावरून सुरू होतो. लिहिण्यापूर्वी फाइल पूर्ण व शुद्ध उतरली आहे याची खात्री करावी. त्यासाठी संकेतस्थळावर चौसष्ट चिन्हांची एक मालिका दिलेली असते. आपल्या फाइलची मालिका काढून ती हिच्याशी ताडून पाहावयाची. घाईत आम्ही हे एकदा टाळले. गावातील इंटरनेट मधेच तुटले होते, फाइल अपुरी होती आणि प्रस्थापना निम्म्यावर येऊन अडली. सबंध दुपार त्यात गेली.

डेबियन दोन प्रकारे मिळते. ‘लाइव्ह’ प्रत पेन ड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लावत नाही. आधी तिच्यावर संगणक चालवून पाहावा : पडदा नीट दिसतो का, आवाज येतो का, नेट लागते का, माउस व कळफलक चालतात का? वर सांगितलेल्या तपासण्याही याच वेळी कराव्यात. समाधान झाल्यावर प्रस्थापनेची प्रत वापरावी. तिचा चित्रमय कार्यक्रम मराठीतही चालतो. आम्ही तो मुद्दाम मराठीत लावला, म्हणजे सोबत बसलेल्या मुलांना प्रत्येक प्रश्न वाचता आला. बारावी आवृत्तीपासून वाय-फाय इत्यादींना लागणारे फर्मवेअर डेबियनने मूळ प्रतीतच समाविष्ट केले आहे. पूर्वी याच एका गोष्टीपायी नवशिके हैराण होत असत.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमध्ये जावे लागते. सुरू होताच डिलीट, एफ२ किंवा एफ१२ यांपैकी एखादी कळ दाबत राहावी. कोणती ती पडद्याच्या तळाशी क्षणभर दिसते. जुन्या मदरबोर्डांत एक गंमत आहे. त्यांना पेन ड्राइव्ह हीसुद्धा एक हार्ड डिस्कच वाटते. त्यामुळे ती मुख्य क्रमवारीत न दिसता ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ या उपयादीत दडलेली असते. तेथे जाऊन तिला वरच्या क्रमांकावर आणावे. या गंमतीचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. प्रस्थापनेच्या शेवटी ग्रब नावाचा, संगणक सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम कोठे ठेवू असे विचारले जाते. यादीतील पहिले नाव डोळे मिटून निवडले तर ते नेमके पेन ड्राइव्हचे असू शकते. मग पेन ड्राइव्ह लावलेला असेपर्यंत सारे ठीक चालते आणि तो काढला की संगणक मुका होतो. यादीतील आकडे पाहावेत. आठ जीबीचा तो पेन ड्राइव्ह, उरलेली ती डिस्क.

मूळ प्रशासकाचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा ती जागा कोरी सोडावी, म्हणजे पुढे तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला आवश्यक ते अधिकार मिळतात. आम्ही प्रत्येक संगणकावर शिक्षकांचे एक व विद्यार्थ्यांचे एक अशी दोन खाती ठेवली. बाकीचे प्रश्न वाचून उत्तर देण्याजोगे आहेत, एक सोडून.

तो एक प्रश्न म्हणजे डिस्कचे विभाजन. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय सर्वांत सोपा आहे. तो निवडून होकार दिला की मागे फिरता येत नाही. साऱ्या प्रस्थापनेत भय बाळगावे असा हा एकच पडदा आहे, आणि येथेच आमच्या हातून चूक झाली.

क्रमांक दोनचा संगणक

क्रमांक दोनचा संगणक पूर्वी कार्यालयात होता. त्यावर विंडोज ७ होते. एसएसडी अजून यावयाच्या होत्या, म्हणून पहिला प्रयोग आम्ही याच संगणकाच्या मूळ हार्ड डिस्कवर केला. त्याआधी कार्यालयात विचारले की, यावर काही कामाचे आहे काय? उत्तर मिळाले, “नाही, सगळे पेन ड्राइव्हवर घेतलेले आहे.” आम्ही निश्चिंत मनाने होकाराचे बटण दाबले. प्रयोग यशस्वी झाला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

सुटी संपून दहा दिवस झाले असतील. प्रस्तुत स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आरंभापासूनच्या विद्यार्थ्यांची यादी हवी होती. मूळ नोंदवहीला वाळवी लागली होती, म्हणून आधीच्या लिपिकांनी काही वर्षांपूर्वी ती सारी टंकित करून ठेवली होती. पेन ड्राइव्ह आणला. त्यावर फाइलचे नाव होते, चिन्हही होते, परंतु उघडेना. आकार पाहिला तर जेमतेम दोन केबी. ती फाइल नव्हतीच, तो डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता. घराऐवजी घराचा पत्ता तेवढा कॉपी झाला होता. आणि घर आम्ही पाडून टाकले होते.

कार्यालयातील कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. फाइल उघडून पाहणे हे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही.

क्रमांक दोन त्याच क्षणी बंद केला. पुसलेल्या डिस्कवर नवा मजकूर लिहिला गेला नसेल तेथवरचा जुना मजकूर जागेवरच असतो. म्हणून अशा वेळी पहिला नियम एकच : ती डिस्क वापरणे थांबवावे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक या मुक्त कार्यक्रमाने ती धुंडाळली. हा कार्यक्रम फाइलींची नावे पाहत नाही, फाइलीच्या अंतरंगाच्या खुणा ओळखून ती परत मिळवितो. त्यामुळे हजारो निनावी फाइली हाती आल्या. त्या एकेक उघडून पाहण्यास तीन रविवार लागले. मिळालेला मजकूरही आधी वाचता येईना, कारण तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता. नावांऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची रांगोळी दिसत होती. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतल्यावर नावे दिसू लागली. यादीचा बराच भाग मिळाला, सगळा मिळाला नाही. डिस्कच्या ज्या जागेवर डेबियन लिहिले गेले होते, तेथील पाने कायमची गेली. तेथे एसएसडी असती तर एवढेही मिळण्याची आशा नव्हती, कारण प्रस्थापनेच्या वेळी एसएसडीवरील जुना मजकूर मोकळा केला जातो आणि तो परत येत नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक संगणकाची जुनी डिस्क पुसायची नाही, ती काढून घ्यायची, तिच्यावर क्रमांक व दिनांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि वर्षभर कपाटात ठेवायची. नवी प्रस्थापना कोऱ्या एसएसडीवरच करायची. घरी संगणक नवा करू पाहणाऱ्यांनीही असेच करावे. लग्नाचे फोटो, आईवडिलांची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प कोठे दडलेले असतील याचा भरवसा नसतो. आणि प्रत काढली असे कोणी म्हणाले, तर ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत समजू नये.

मराठी, आणि मर्यादा

कार्यप्रणाली बसल्यावर मराठीची सोय पाहावी. डेबियनमध्ये लोहित व नोटो हे मुक्त देवनागरी फॉन्ट मिळतात. कळफलकाच्या मांडणीत मराठीचा पर्याय निवडता येतो. आम्ही इन्स्क्रिप्ट शिकवितो. तिची घडी भारतीय मानकात १९९१ सालीच बसली आहे आणि ती एकदा हातात बसली की कोणत्याही यंत्रावर चालते. फॉन्ट व कळफलक तपासण्यासाठी आम्ही मुलांना चार शब्द टंकित करावयास लावतो : दुसऱ्या, ज्ञान, कृष्णा, ॲटम. हे चार नीट उमटले की बहुधा सारे नीट उमटते. कार्यालयीन लेखनासाठी लिबरऑफिस आहे.

मर्यादाही सांगावयास हव्यात. या संगणकांवर उच्च प्रतीचे व्हिडिओ अडखळतात, कारण आजच्या व्हिडिओंची सांकेतिक पद्धत त्या प्रोसेसरांना उकलता उकलत नाही. लहान आकारात पाहिल्यास चालते. केवळ विंडोजवरच चालणारे काही कार्यालयीन कार्यक्रम अद्याप आहेत, म्हणून कार्यालयातील एक संगणक आम्ही तसाच ठेवला. जुना प्रिंटर मात्र अनपेक्षितपणे पहिल्याच प्रयत्नात चालला. सप्टेंबरात एका माजी विद्यार्थ्याच्या कचेरीतून चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे दोन लॅपटॉप भेट आले. विंडोज १० ची मुदत संपणार म्हणून तेथे ते काढून टाकण्यात येत होते. त्यांवर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती बसविली. तिला २०२९ पर्यंत पाठबळ आहे. डेबियन १३ ला ते, दीर्घकालीन मदत धरून, २०३० च्या मध्यापर्यंत आहे. या तारखा आता संगणक कक्षाच्या दारावर लावलेल्या आहेत, म्हणजे २०१७ ची पुनरावृत्ती होणार नाही.

सध्या दहा संगणक चालू आहेत. एका नव्या संगणकाच्या किमतीत सर्व एसएसडी, बॅटऱ्या व रॅमच्या पट्ट्या बसल्या. यंदा दहावीला असलेल्या सर्व विद्यार्थ्यांचे ई-मेल खाते याच कक्षात उघडून झाले आहे आणि अर्जाचा सराव चालू आहे.

राहता राहिली ती यादी. १९९१ ते १९९४ या तीन शैक्षणिक वर्षांतील नावे आम्हाला परत मिळविता आली नाहीत. मूळ नोंदवहीची तीच पाने वाळवीने खाल्ली आहेत. त्या वर्षांत वसतिगृहात राहिलेल्यांनी आपले, आपल्या खोलीतील सोबत्यांचे व आठवत असल्यास त्यांच्या गावाचे नाव कार्यालयाकडे लेखी कळवावे. एखाद्या जुन्या गटछायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली असतील तर तेही पाठवावे, पाहून परत केले जाईल. क्रमांक दोनचा संगणक आता खिडकीजवळ आहे आणि आठवीच्या दोन विद्यार्थिनी रोज दुपारी आलेली नावे त्यावर उतरवून घेतात.